लांब पल्ल्याचे ट्रक ड्रायव्हर आणि आयकर (भारत)

मुंबई-दिल्ली, पुणे-गुवाहाटी अशा लाईनवर ट्रक चालवणाऱ्याला इन्कम टॅक्स कसा लागतो हे गाडी कुणाच्या नावावर आहे त्यावर ठरतं. नोकरीत पगारावर चालवणारा आणि स्वतःची गाडी चालवणारा, दोघांचा हिशोब पूर्ण वेगळा.

पगारी ड्रायव्हरचं सोपं आहे, पगार हेच उत्पन्न. मालकाने डिझेलला, टोलला दिलेले पैसे त्याचं उत्पन्न नाही, ते गाडीचा खर्च. वाटेतल्या जेवणाखाण्याचा भत्ता वेगळा, १९६२ च्या नियमावलीत (मार्च २०२६ पर्यंत लागू) त्यातला ७०% भाग, महिना १०,००० च्या मर्यादेत, करमुक्त धरला होता, पण ही सूट जुन्या रेजिममध्येच, म्हणजे कर मोजायच्या जुन्या पद्धतीतच. नवीन रेजिममध्ये आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून पगारी माणसाला १२.७५ लाखांपर्यंत टॅक्सच येत नाही, त्यामुळे बहुतेक ड्रायव्हरना या भत्त्याच्या भानगडीत पडायचं कारण उरलेलं नाही.

खरा विषय चालक-मालकाचा. १९९४ मध्ये तेव्हाच्या, म्हणजे १९६१ च्या, आयकर कायद्यात कलम ४४एई आलं; १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात हीच तरतूद कलम ५८ मध्ये आहे, लोक मात्र ४४एईच म्हणतात. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नावावर नसतील तर हिशोबाच्या वह्या न ठेवता अंदाजे उत्पन्न दाखवता येतं, गाडी हप्त्यावर असली तरी मालक तुम्हीच धरले जाता. १२ टनांपेक्षा जास्त ग्रॉस (मालासकट) वजनाच्या गाडीला दर टनामागे महिना १,००० रुपये, त्याखालच्या गाडीला सरसकट महिना ७,५००. म्हणजे २८ टनी दहाचाकीचं महिन्याचं उत्पन्न २८,००० धरतात आणि वर्षाचं ३,३६,०००. अशा तीन गाड्या वर्षभर असल्या तरी १०,०८,०००, नवीन रेजिममध्ये रिबेट (करमाफी) लागून टॅक्स शून्य. चौथी घेतली की १३,४४,००० होतात आणि सेस (करावरचा उपकर) धरून ८४,८६४ रुपये भरावे लागतात, दुसरं काही उत्पन्न नसलं तरी.

यात डिझेल, टायर, घसारा सगळं आधीच वजा धरलेलं असतं, वेगळं मागता येत नाही. आणि गाडी दोन महिने गॅरेजला उभी राहिली, भाडं मिळालं नाही, तरी ते महिने मोजलेच जातात, कारण कायदा गाडी मालकीची होती का एवढंच बघतो, पळाली का ते नाही. ३० मार्चला गाडी घेतली तरी मार्च पूर्ण धरतात. हे लहान मालकावर अन्यायाचं आहे, मंदीत तर फारच. कमी उत्पन्न दाखवायचं तर वह्या ठेवून ऑडिट करून घ्यावं लागतं, आणि एका गाडीवाल्याला ते परवडत नाही. खरी कमाई जास्त असेल तर मात्र ती जास्तीची रक्कमच दाखवायची असते.

ट्रान्सपोर्टवाला भाड्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला टॅक्स, कापतो, एकट्या मालकाचा १%. दहापर्यंत गाड्या असल्याचं लेखी डिक्लेरेशन आणि पॅन दिलं तर कपात होत नाही, पॅनच नसेल तर २०% जातात. कितीतरी जण हे डिक्लेरेशन देतच नाहीत, मग कापलेले पैसे परत मिळवायला रिटर्न भरावं लागतं.

रिटर्न तसंही भरावं, टॅक्स शून्य असला तरी. पुढच्या गाडीच्या कर्जाला बँक तेच मागते, आणि अपघातात ड्रायव्हर गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरणात घरच्यांना त्याची कमाई सिद्ध करायला तोच सगळ्यात भक्कम कागद असतो. फॉर्म सहसा आयटीआर-४, म्हणजे सुगम. बाकी छोट्या धंद्यांना अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत भरायचा टॅक्स) मार्चमध्ये एकदाच भरता येतो, ४४एईवाल्याला ती सवलत नाही, वर्षाला १०,००० च्या वर टॅक्स निघत असेल तर चार हप्त्यांतच भरायचा.