लॅपटॉपबाहेरचं ग्राफिक्स कार्ड: घोडं अडलं ते केबलपाशी

दिवसभर हलका लॅपटॉप घेऊन हिंडायचं, घरी आलं की एक केबल खोचायची आणि टेबलावरच्या डब्यातल्या दांडग्या ग्राफिक्स कार्डावर (पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या कार्डावर) गेम खेळायचा किंवा व्हिडिओ रेंडरला लावायचा. कल्पना इतकी सरळ आहे की ती घरोघरी का पोचली नाही याचंच नवल वाटतं. प्रयत्न कमी पडले असंही नाही. २००७ साली अमेरिकेतल्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात असुसने ‘एक्सजी स्टेशन’ मांडलं, तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी हाच डबा नव्याने आणत आलं आहे.

एक्सजी स्टेशन लॅपटॉपला जादा कार्ड जोडायच्या एक्स्प्रेसकार्ड खाचेत जोडायचं होतं. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस या आतल्या जोडणीच्या १६ लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या १६ वाटा, मिळतात. या खाचेतून मिळायची एक, सेकंदाला जेमतेम २५० मेगाबाइटची. टाकी भरलेली, पण तोटी बारीक. २००८ मध्ये एएमडीने ‘एक्सजीपी’ आणून ८ लेन दिल्या. मात्र त्यासाठीचा कनेक्टर खास होता आणि तो फुजित्सु सीमेन्सच्या अमिलो लॅपटॉपसारख्या अगदी मोजक्या मशीनवर दिसला. लॅपटॉप बदलला की डबा अडगळीत. हीच चूक पुढे सोनीने २०११ च्या व्हायो झेडबरोबर केली, एलियनवेअरने २०१४ मध्ये केली आणि असुसने २०२१ मध्ये ‘एक्सजी मोबाइल’ काढून पुन्हा केली. कंपन्यांच्या दृष्टीने ती चूक नसेलही. गिऱ्हाईक आपल्याच दावणीला राहावं हा त्यातला हिशेब उघड आहे.

सगळ्यांना चालेल अशी केबल २०११ मध्ये आली होती: थंडरबोल्ट. ती पीसीआय एक्स्प्रेसच वाहून न्यायची. २०१२ च्या सीईएसमध्ये एमएसआयने तिच्यावर चालणारा ग्राफिक्सचा डबा दाखवलाही, पण तो दुकानात काही आला नाही. बाहेरच्या ग्राफिक्सला इंटेलने अधिकृत पाठिंबा दिला तो थेट २०१५ मध्ये, थंडरबोल्ट ३ बरोबर.

मधली वर्षं हौशी मंडळींनी ढकलली. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायचं, वायफाय कार्ड उपसायचं, त्या जागी चीनहून मागवलेला अडॅप्टर बसवायचा, पट्टीसारखी केबल फटीतून बाहेर काढायची आणि डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायवर कार्ड उघडंच टेबलावर ठेवायचं. मशीन चालू केलं की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण: कोड १२, पुरेशी संसाधनं उपलब्ध नाहीत. ग्राफिक्स कार्डाला मेमरीच्या पत्त्यांची ऐसपैस सलग जागा लागते, आणि वायफायच्या खाचेत कोणी असलं धूड बसवील असं बायॉस (मशीन सुरू करून देणारं मूळ सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. मग बायॉसचे तक्ते उकलून दुरुस्त करायचे, नाहीतर रॅमची एक पट्टी काढून पाहायची. पुष्कळांची हौस इथेच फिटायची.

२०१६ मध्ये थंडरबोल्ट ३ वर चालणारा रेझर कोअर हा डबा आला तेव्हा ही खटपट संपली, पण किंमत होती ४९९ डॉलर, तीही रिकाम्या डब्याची. वर कार्ड वेगळं. एवढ्या पैशांत थोडी भर घातली तर अख्खा डेस्कटॉप उभा राहत होता. शिवाय केबलच्या सेकंदाला ४० गिगाबिटपैकी कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात साधारण २२ यायचे. लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळायचं तर तयार झालेलं प्रत्येक चित्र त्याच केबलने परत यायचं. डेलच्या एक्सपीएस १३ सारख्या लोकप्रिय मशीनमध्ये त्या पोर्टला चारऐवजी दोनच लेन दिलेल्या होत्या, आणि पातळ लॅपटॉपचा १५ वॉटचा दोन कोअरचा प्रोसेसर तसाही दमायचा. महागडं कार्ड घ्या आणि त्याची ताकद पुरती वापरता येऊ नये, हे कोणाला रुचेल?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या कार्डांच्या नावामागचं ‘एम’ (मोबाइल) हे अक्षर काढून टाकलं. जीटीएक्स १०६० आता डेस्कटॉपमध्ये आणि लॅपटॉपमध्ये जवळजवळ सारखंच होतं. ज्याला खेळायचं होतं त्याने गेमिंग लॅपटॉप घेतला, ज्याला टेबलावरच बसायचं होतं त्याने डेस्कटॉप. डब्याला गिऱ्हाईक उरलं मधलं, म्हणजे फारच थोडं. त्यात अशाच कार्डांवर चालणाऱ्या क्रिप्टो चलनाच्या खाणकामाने कार्डांचे भाव दोनदा आभाळाला भिडले.

माझ्या मते खरी आशा होती ती ॲपलकडून. मशीन पातळ, ग्राफिक्स बेताचं, थंडरबोल्ट ३ हाताशी, आणि व्हिडिओ एडिटिंगवाले खर्चाला तयार. मार्च २०१८ मध्ये मॅकओएस १०.१३.४ ने पाठिंबा दिला, तोही फक्त एएमडीच्या कार्डांना. ब्लॅकमॅजिकने ६९९ डॉलरचा देखणा डबा काढला, पण त्यातलं कार्ड बदलताच येत नव्हतं! कार्ड बदलता यावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि त्यांच्यात बाहेरच्या ग्राफिक्सचा पाठिंबा नव्हताच.

आता थंडरबोल्ट ५ ने तोटी पुष्कळ रुंद केली आहे. हातात धरून खेळायच्या छोट्या पीसींवर मात्र ऑक्युलिंक नावाचा कनेक्टर दिसू लागलाय. त्यातून पीसीआय एक्स्प्रेसच्या चार लेन सरळ बाहेर येतात, म्हणून वेग चांगला मिळतो. फक्त ही केबल सहसा चालू मशीनला लावायची किंवा काढायची नसते. आधी बंद करायचं, केबल खोचायची, मग चालू करायचं. वायफाय कार्ड उपसणारे करत होते तसंच.