खोटा प्रकाश डोळ्याला लगेच कळतो?

ॲनिमेशन शिकणाऱ्यांना हमखास सांगतात, की प्रकाशाचं गणित जरा चुकलं तरी डोळा ते पकडतो. हे खरं नाही. दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं, की वेड्यावाकड्या ठेवलेल्या अनेक ठोकळ्यांपैकी एकावरच वेगळ्या दिशेनं उजेड पाडला, तर तो शोधताना माणसं चाचपडतात. सावलीचं मात्र तसं नाही! याच विषयातले संशोधक डॅनियल कर्स्टन यांच्या प्रयोगात चेंडूचा मार्ग तोच ठेवून फक्त सावलीची वाट बदलली होती. तेवढ्यानं जमिनीवरून मागे सरकणारा चेंडू हवेत उचलला जाताना दिसू लागला. म्हणून माझा आग्रह आहे, की वस्तू जमिनीला टेकते तिथली सावली आधी नीट करा. आरशातलं प्रतिबिंब थोडं चुकलं तरी सहसा खपून जातं.