गिटारच्या पिकअप स्विचवरील क्रमांक: मोजणी कोणत्या टोकाकडून?

सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी माझी इलेक्ट्रिक गिटार ‘एक नंबरवर आवाज मधूनच तुटतो’ एवढे सांगून ठेवली होती. पिकअप म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी साधन; कोणता पिकअप वाजावा हे स्विचने निवडतात आणि स्विचच्या जागा क्रमांकाने ओळखतात. आठवड्याने ती हाती आली तेव्हा नेक (गिटारीच्या मानेकडच्या) पिकअपच्या तारेचा सांधा नव्याने सोल्डर केलेला होता आणि ब्रिजकडचा, म्हणजे तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात त्या बाजूच्या पिकअपचा, आवाज पूर्वीसारखाच तुटत होता. कारागिराने नेककडून मोजले होते, मी ब्रिजकडून. स्विचवर आकडे छापलेले नसल्याने चूक कोणाची हे ठरवणे अवघडच होते.

आरंभीच्या गिटारींना या आकड्यांची गरज फारशी नव्हती. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारवर टॉगल स्विचभोवतीच्या चकतीवर ‘रिदम’ (नेक) आणि ‘ट्रेबल’ (ब्रिज) असे शब्दच असत. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारवर तीन जागांचा लिव्हर, म्हणजे स्विचची सरकणारी दांडी, होता, मात्र १९५२ ते १९६७ या काळात त्याची मांडणी आजच्या वादकाला चक्रावून टाकील अशी होती: मागे ब्रिज, मध्ये नेक, आणि पुढे पुन्हा नेकच, पण कपॅसिटरमुळे (आवाजातला बारीक, तीव्र भाग गाळणाऱ्या घटकामुळे) दबका व जाड झालेला. दोन्ही पिकअप एकत्र देणारी जागा त्यात नव्हतीच. ती १९६७ मध्ये मधल्या खाचेत आली. त्यामुळे जुन्या टेलिकास्टरबद्दल ‘दोन नंबर’ म्हणताना गिटारीचे साल सांगणेही आवश्यक ठरते.

फेंडरच्याच १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला पिकअप तीन होते आणि स्विचच्या खाचाही तीनच. वादकांना मात्र लवकरच कळले की लिव्हर दोन खाचांच्या मध्ये अलगद अडकवला तर सरकती पट्टी शेजारच्या दोन्ही संपर्कांना टेकते आणि दोन पिकअप समांतर जोडले जाऊन एक पोकळ, काहीसा नाकातला आवाज निघतो. या आवाजाला आजही कित्येक जण ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात, ते चूक आहे. दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींच्या उलट नसतात. लिव्हर जोरकस वादनात घसरून खाचेत पडे, ही अडचण पाच खाचांच्या स्विचने दूर केली आणि १९७७ पासून फेंडरने तो कारखान्यातूनच बसवायला सुरुवात केली.

माझ्या मते आकड्यांची खरी निकड येथूनच निर्माण झाली, कारण ब्रिज, मधला आणि नेक यांना नावे होती, नव्या दोन जागांना नव्हती. फेंडरची माहितीपत्रके ब्रिजला १ आणि नेकला ५ म्हणतात. गिटार गळ्यात असताना ब्रिजकडचे टोक जमिनीच्या बाजूला येते आणि सर्वांत बारीक, पहिली तारही त्याच बाजूला असते, त्यामुळे हा क्रम हाताला सरळ वाटतो. इतरत्र मात्र नेकपासून मोजणारेही आहेत.

उलट मोजणीची गंमत अशी की ३ तोच राहतो, १ आणि ५ ची अदलाबदल कानाला लगेच कळते, पण २ आणि ४ दोन्ही पोकळच वाजत असल्याने घोटाळा बराच काळ लपून राहतो. मधल्या पिकअपची गुंडाळी व चुंबक उलटे असतील तर या दोन्ही जागांवर विजेची गुणगुणही सारखीच कमी होते, त्यामुळे तेवढाही सुगावा लागत नाही.

त्यात जोडणीच्या आकृत्यांनी भर घातली आहे. जुन्या धाटणीच्या पाच खाचांच्या स्विचमध्ये प्रत्येक बाजूला पिकअपच्या तारांसाठी पाय (सोल्डर करण्याची टोके) तीनच असतात. काही आकृत्या त्यांना १, २, ३ म्हणतात, तर काही लिव्हरच्या जागांशी जुळावे म्हणून १, ३, ५. पहिल्या पद्धतीत ‘२’ म्हणजे मधल्या पिकअपचा पाय, तर लिव्हरच्या भाषेत ‘२’ म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र. दुसऱ्या खेपेला दुकानात गिटार ठेवताना मी चिठ्ठीवर आकडा न घालता ‘ब्रिजचा पिकअप’ असे लिहिले.