नेट नेमकं कुठे अडलं?

ब्राउझरने साइट उघडत नसल्याचं सांगितलं की आपला हात थेट राउटरच्या स्विचकडे जातो. बंद करून चालू केल्यावर बऱ्याचदा नेट येतंही. पण बिघडलं काय होतं, ते कळत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. माझा आग्रह आहे की स्विचला हात लावण्याआधी दोन मिनिटं काढावीत आणि कॉम्प्युटरलाच विचारावं. कडी कुठे तुटली आहे, ते तो आकड्यांत सांगतो.

पहिला आकडा आयपी पत्त्याचा, म्हणजे नेटवर्कवर कॉम्प्युटर ज्या आकड्याने ओळखला जातो त्याचा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड दिली की ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीपुढे तो दिसतो. घरी तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. म्हणजे राउटरने कॉम्प्युटरला घरातला पत्ता दिलेला आहे. पण १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तिथेच थांबा. नेटवर्कला जोडला गेल्यावर कॉम्प्युटर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, ‘मला पत्ता द्या’. राउटरमधली डीएचसीपी नावाची व्यवस्था तिला ओ देते आणि एक मोकळा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देते. कुणीच ओ दिली नाही, तर विंडोज वाट पाहून आपणच १६९.२५४ मधला एक पत्ता घेतं. हा आकडा असताना नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावण्यात वेळ घालवू नका, दोष घरातच आहे. केबल असेल तर तिच्या टोकाची प्लास्टिकची बारीक पट्टी पाहा. ती तुटली की केबल खोबणीत ‘टक्’ करून बसत नाही, जराशा धक्क्याने सैल होते आणि आतल्या ८ तारा नीट टेकत नाहीत.

पत्ता ठीक असेल तर ‘पिंग’ (ping): त्याच खिडकीत हा शब्द आणि पुढे एखादा पत्ता टाइप केला की कॉम्प्युटर तिकडे छोटा निरोप पाठवतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम मला फार आवडतो. पाणबुडी शोधणारं सोनार जसं आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतं, तसंच हे काम, आणि नावही त्या आवाजावरूनच पडलं. आधी राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता आयपीकॉन्फिगमध्येच ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे असतो. उत्तरं २, ३, २ मिलिसेकंद अशी आली तर घरातली वाट साफ आहे. मध्येच १८० आला, एखादं उत्तर आलंच नाही, तर वायफायला अडथळा होतोय. मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू असताना असं झालं तर नवल नाही. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वायफायचा जुना पट्टा २.४ चा. राउटरमध्ये सोय असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा.

मग ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा सर्व्हर आहे. राउटर बोलतोय आणि हा बोलत नाही, तर दोष बहुधा घराबाहेर. आता कंपनीला फोन करा आणि नेमकं हेच सांगा.

८.८.८.८ उत्तर देतोय, तरी एकही साइट उघडत नाही? मग शंका डीएनएसची. आपण नाव टाइप करतो, पण निरोप आकड्यांच्या पत्त्यावर जातो, आणि नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. पूर्वी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि प्रत्येकाने तिची प्रत उतरवून घ्यायची. ते आवाक्याबाहेर जाऊ लागलं, तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस रचलं. तेही १९८३ सालीच. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हर म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहून पाहा.

एवढं करूनही ब्राउझर प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ म्हणत असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जाऊ शकतं. साइट खरी असल्याची ग्वाही देणारं एक प्रमाणपत्र ब्राउझर तपासतो; त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती पहिली तारीख अजून उजाडलेलीच नसते.