कुंडीच्या तळाला खडी घालून निचरा सुधारत नाही

घरी पहिल्यांदाच भाजी लावायला घेतली की हा सल्ला हमखास मिळतो: कुंडीच्या तळाशी खडी नाहीतर विटांचे तुकडे घाला, म्हणजे पाणी साचणार नाही, मुळं कुजणार नाहीत. ऐकायला पटतंही. पण होतं नेमकं उलट.

बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक पोकळ्या पाणी ओढून धरतात म्हणून, माती ते धरून ठेवते. खडीला टेकलेला मातीचा थर पुरता चिंब झाला, की मगच थेंब खाली पडतो. असा चिंब थर प्रत्येक कुंडीत तळाशी असतोच. खडीमुळे तो नाहीसा होत नाही, उलट वर, मुळांजवळ सरकतो. शंका असेल तर भिजलेला स्पंज आडवा धरा आणि ठिबकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो, आणि खडी नेमकी मातीची उंचीच खाते. टोमॅटो-वांग्याला निदान 30 सेंटीमीटर खोल माती हवी. त्यातली 5 खडीत घालवायची कशाला?

भोकावर जाळी किंवा एखादी खापरी ठेवायला हरकत नाही, माती वाहून जात नाही एवढंच. निचरा हवा तर मातीच भुसभुशीत करा: कंपोस्ट, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे). नुसती जमिनीतली माती कुंडीत घट्ट बसते. आणि हो, भोकं आधी तपासा. प्लास्टिकच्या नव्या कुंड्यांना ती बरेचदा नुसती आखलेली असतात, पाडलेली नसतात.