पेब आणि पेठ: एकाची अडचण वाटेत, दुसऱ्याची परतीच्या गाडीत

शुक्रवार उजाडला की ठाण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर कुणीतरी विचारतंच: ‘रविवारी पेबला जायचंय. स्टेशनवरून चालतच जातात ना? आणि कातळाच्या पोटातला तो कोरीव जिना बघायचाय.’ यातलं चालत जायचं वाक्य पेबचं आहे आणि जिन्याचं पेठचं. मग उत्तरं येतात आणि गोंधळ वाढतो. एकजण विजेच्या टॉवरखालची वाट सांगतो, दुसरा जामरुखच्या एसटीची वेळ विचारतो, तिसरा ‘सोपा आहे, लहान मुलांना घेऊन जा’ म्हणून मोकळा होतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण ते दोन वेगळ्या डोंगरांबद्दल बोलत असतात. त्या उत्तरांवर विसंबून कुणीतरी मुलांना घेऊन पेबच्या ओढ्यात शिरतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नावांचा हिशेब आधी उरकू. पेब म्हणजे विकटगड. तो माथेरानच्या रांगेत, नेरळच्या डोक्यावर आहे. पेठ म्हणजे कोथळीगड. तो कर्जत तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, सह्याद्रीच्या मुख्य धारेला लागून आहे. त्याच्या पायथ्याचं गाव आंबिवली, आणि वर पठारावर वसलेलं गाव पेठ, त्यावरून किल्ल्याला पेठचा किल्ला म्हणतात. दोन्ही उल्हास नदीच्या खोऱ्यातच येतात, दोन्हींना आपण मध्य रेल्वेनेच जातो, आणि कशेळ्यामार्गे पेठला नेरळहूनही पोचता येतं. त्यामुळे ‘नेरळला उतरा’ हा सल्ला दोन्हीकडे चिकटतो. आणखी एक फसगत ठाणेकरांनी लक्षात ठेवावी. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर शहाडनंतर आंबिवली नावाचं स्टेशन आहे. त्या आंबिवलीचा कोथळीगडाशी काहीही संबंध नाही. आपल्याला कर्जत लोकलच पकडायची आहे.

लोकलबद्दल ठाणेकराला काय सांगायचं? सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, नेरळ ८६ आणि कर्जत १००. म्हणजे ठाण्याहून नेरळला साधारण सव्वा तास, कर्जतला दीड तास. वाशी-कोपरखैरणेकडच्यांनी ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी. कल्याणच्या पुढचा हा रेल्वेमार्ग १८५६ सालचा आहे, आणि माणसांची-मालाची वाट त्याहून फार जुनी. प्राचीन कल्याण बंदरातून निघालेला माल याच खोऱ्यातून घाटांकडे जायचा. कोंडाण्याची लेणी आणि आंबिवलीजवळ चिल्हार नदीकाठची लेणी याच वाटांच्या आसपास आहेत. पेठला जाणाऱ्यांनी ती नदीकाठची लेणी अर्धा तास काढून नक्की पाहावीत. बहुतेकजण गडाच्या घाईत त्यांच्या शेजारून निघून जातात, याची मला खरंच खंत वाटते.

आता मुख्य फरकाकडे येतो. उंची, दृश्य, इतिहास यांपैकी कशाहीमुळे कुणाचा रविवार बिघडत नाही. बिघडतो तो एका गोष्टीमुळे: पेबला गाडी बेभरवशाची नाही, वाट आहे. पेठला वाट बेभरवशाची नाही, गाडी आहे. दोन दिवसांचं नियोजन त्यामुळे एकमेकांच्या उलट करावं लागतं, आणि लोक नेमकं एकाचं नियोजन दुसऱ्याला लावतात.

पेब घ्या. नेरळ स्टेशनबाहेर पडलात की ट्रेक सुरू. एसटी नको, रिक्षा नको. म्हणून लोक समजतात की हा सोपा असणार. स्टेशनपासूनचं अंतर आणि चढाईची अवघडता यांचा काडीचा संबंध नाही. आनंदवाडीवरून वर निघालं की विजेचे टॉवर लागतात, तिथवर सगळं ठीक असतं. त्यानंतर झाडी दाटते, गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा मूळ वाटेला फुटतात, आणि मोठ्या धोंड्यांचा ओढा लागतो. पावसाळ्यात तर प्रत्येक ओहोळ वाटेसारखा दिसतो. वर पेब आणि शेजारचा नाखिंद डोंगर यांच्यामधल्या खिंडीत पोचायचं असतं. खिंडीच्या एका अंगाला पेब, दुसऱ्या अंगाला नाखिंद. ही खिंड सापडली की गड सापडला. ती चुकली तर माणूस भलत्याच घळीत चढत राहतो. या जंगलात वाट चुकून अडकलेल्यांच्या बातम्या येऊन गेलेल्या आहेत, आणि तरीही ‘स्टेशनच्या मागेच तर आहे’ हे वाक्य काही थांबत नाही.

मात्र पेबहून खाली यायला उशीर झाला तरी परतीची गाडी चुकत नाही. खाली नेरळला रात्री उशिरापर्यंत लोकल आहेत. वरून माथेरानच्या बाजूनेही बाहेर पडता येतं. गडावरून लोखंडी शिडीने पलीकडे गेलं की कड्यावरच्या गणपतीपाशी आपण मिनी ट्रेनच्या रुळांवर येतो आणि रुळांच्या कडेने दस्तुरी नाक्याला पोचतो. तिथून नेरळला शेअर टॅक्सी मिळते. म्हणून पेबचं नियोजन वाटेभोवती करायचं: सोबत वाट माहीत असलेला माणूस हवा, निघायचं उजाडताच, आणि अंधार पडायच्या आत जंगलातून बाहेर. गाडीची चिंता करूच नका.

त्या रुळांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी गेजची गाडी २०१९च्या पावसात रूळ वाहून गेल्यावर बंद पडली आणि नेरळपासून पुन्हा २०२२च्या ऑक्टोबरात धावू लागली. ती बंद होती तेव्हाचे रुळांवर बसून काढलेले फोटो अजून फिरतात आणि ते बघून लोक कानात हेडफोन घालून मधोमध चालतात. गाडी चालू आहे. वळणं आंधळी आहेत. कडेने चाला आणि कान मोकळे ठेवा.

आता पेठ. इथे वाटेची भीती घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यामुळे चांगले चालणारे ज्येष्ठ आणि मुलं घरी राहतात. आंबिवलीतून पेठ गावापर्यंत रुळलेली, रुंद वाट आहे. चढ दमवतो, दीड-दोन तास घेतो, पण चुकवत नाही. पेठ गावातून सुळका समोर दिसतच असतो, पठारावर उपडं ठेवलेल्या नरसाळ्यासारखा. तासाभरात सुळक्याच्या पायाशी गुहा येतात. त्यातली भैरोबाची गुहा प्रशस्त आहे, सपाट जमिनीची, कोरीव खांबांची. आणि तिथूनच तो जिना: बाहेरून लावलेला नाही, सुळका आतून पोखरून पायऱ्या काढल्या आहेत. उल्हासच्या खोऱ्यात यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पावसात या पायऱ्या निसरड्या होतात, तेवढी काळजी घ्यायची.

पेठची खरी अडचण कर्जतला उतरल्यावर सुरू होते. आंबिवली कर्जतपासून सुमारे ३० किलोमीटर आहे. कर्जतहून जामरुखची एसटी कडाव-कशेळ्यावरून आंबिवलीला जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. ती चुकली तर श्रीराम पुलापासून सहा आसनी रिक्षाने कशेळ्यापर्यंत आणि कशेळ्याहून पुढे मिळेल त्या वाहनाने. सकाळी हे सगळं जमतं, कारण माणूस ताजा असतो आणि सोबत गर्दीही असते. दुपारी खाली उतरल्यावर जमत नाही. परतीची गाडी गेलेली असते, कशेळ्याकडे जाणारी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि रिकाम्या फाट्यावर खासगी गाडीवाला मागेल तेवढे द्यावे लागतात.

म्हणून पेठचा दिवस उलटा मोजायचा. सकाळी एसटीत बसल्या बसल्या कंडक्टरला विचारा की आंबिवलीहून परतीची गाडी कधी, आणि शेवटची कधी. इंटरनेटवरच्या वेळापत्रकावर जाऊ नका. कुणी कधी लिहिलेलं असतं, वेळा बदललेल्या असतात. कंडक्टरने सांगितलेल्या वेळेतून अर्धा तास वजा करा, त्यातून उतरायचे दोन-अडीच तास वजा करा. जी वेळ उरेल तिला गुहेतून निघायचं, मग वरचं पाणी आणि टाकं बघायचं राहिलं तरी चालेल. महिलांना १७ मार्च २०२३पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. सहा आसनीत यातलं काही नाही. एसटी पकडण्याचं हेही एक कारण आहे.

सहा-सात जण असाल तर कर्जतहून गाडी ठरवून, परतीची वेळ आधीच पक्की करून जा. पण माझं मत विचाराल तर पेठला मुक्कामाने जा. शनिवारी दुपारी निघा, पेठ गावात जेवण सांगून ठेवा, सकाळी गड बघून सावकाश उतरा. गाडीची घाई गेली की हा गड नीट बघता येतो.

बाकीचे फरक थोडक्यात. पेबवर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नका, नेरळहूनच भरून न्या. पेबवरून माथेरान आणि प्रबळगड दिसतात, पेठवरून भीमाशंकरची भिंत, पदरगड, सिद्धगड. इतिहासात मात्र पेठचं पारडं जड आहे. घाटवाटांवर नजर ठेवणारा हा किल्ला संभाजी महाराजांच्या काळात शस्त्रांचं कोठार होता. १६८४मध्ये तो मोगलांच्या हाती गेला आणि परत घेण्याच्या लढाईत मराठ्यांचे नारोजी त्रिंबक कामी आले. वर जाऊन फक्त जिन्यात फोटो काढणाऱ्यांनी निदान हे नाव माहीत करून घ्यावं.

ऋतूबद्दल माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात पेठ, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पेब. जून-जुलैत पेब नको, त्या ओढ्यात पाणी अचानक वाढतं आणि खाली यायची वाट तीच असते. एप्रिल-मेमध्ये दोन्ही सोडून द्या.

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि तो बहुधा दुपारीच नडतो. पेबवाल्यांना त्याने फरक पडत नाही, नेरळला चहा घेत बसता येतं. पेठवाल्यांनी कर्जतला पोचल्यावर आधी इंडिकेटर बघावा. ब्लॉकनंतरची पहिली लोकल भरलेली असते, दुसरीला बसायला जागा मिळते.