स्वित्झर्लंडमधील पदभ्रमण मार्ग

४१,२८५ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या स्वित्झर्लंडमध्ये खुणा आणि पाट्या लावून आखलेल्या पायवाटा सुमारे ६५,००० किमी. भरतात. या वाटांना तिथल्या राज्यघटनेचे संरक्षण आहे.

या जाळ्याच्या मुळाशी मोटारींचा जाच आहे. १९३०च्या सुमारास माइलेन गावचे शिक्षक योहान याकोब एस विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउझेन घाटातून पायी चालले होते. रस्ताभर मोटारी आणि त्यांनी उडवलेली धूळ. चालणाऱ्यांना त्यांची स्वतःची वाट हवी, हा विचार तिथून पुढे आला. १९३४ मध्ये संघटना स्थापन झाली आणि देशभर एकाच धर्तीची पिवळी पाटी रूढ होऊ लागली.

नुसता पिवळा रंग म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाटेचा. तिथे चांगले बूट हवेत आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा दिसला की पुढे हिमनदी ओलांडावी किंवा कडा चढावा लागू शकतो. पाटीवर किलोमीटर नसतात, तर चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो, तोही विश्रांती न धरता. चढउताराच्या मुलखात हेच माप खरे, कारण पाच किलोमीटरला सपाटीवर तास-सव्वा तास लागतो, तर खड्या चढणीवर अर्धा दिवसही जाऊ शकतो.

१८ फेब्रुवारी १९७९ रोजी मतदारांनी मोठ्या बहुमताने पायवाटांचे कलम राज्यघटनेत घातले. त्याआधारे १९८५ मध्ये कायदा झाला. त्यातली सर्वांत दूरदर्शी तरतूद अशी : वाट मोडावी लागली, तिच्यावर वाहनांची वर्दळ वाढली किंवा बऱ्याच अंतरापर्यंत तिच्यावर डांबरासारखा चालण्यास अयोग्य थर पडला, तर तिच्या बदली दुसरी योग्य वाट द्यावी लागते. म्हणजे वाट पुसली जाणेच नव्हे, तर चालण्याचे सुख हिरावले जाणेही कायद्याने नुकसान मानले आहे. आखणी आणि देखभाल कॅन्टनांकडे (देशाच्या घटक राज्यांकडे) आहे. पाट्या-खुणांची बरीच कामे स्वयंसेवक करतात.

२००८ पासून पदभ्रमण, सायकल, माउंटन बाइक, स्केटिंग आणि कनू (वल्ह्याची छोटी होडी) अशा अंगमेहनतीच्या प्रवासाचे मार्ग एकाच क्रमांक-पद्धतीत गुंफले गेले. २०१८ मध्ये मतदारांनी सायकलमार्गांनाही त्याच घटनाकलमात स्थान दिले. लांब पल्ल्याच्या वाटांपैकी व्हिया अल्पिना विशेष प्रसिद्ध आहे. ती लिख्टेनश्टाइनमधील फाडुत्सहून निघून १४ खिंडी ओलांडत सुमारे ३९० किमी.वर जिनिव्हा सरोवराकाठी माँत्रोला उतरते. सलग चालायला जमले नाही तरी अडत नाही. पायवाटांनी सार्वजनिक वाहतुकीचे थांबे जोडावेत हेही कायद्यातच आहे, त्यामुळे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्याला खालच्या खोऱ्यात पिवळी टपालबस (टपाल सेवेची प्रवासी बस) किंवा रेल्वे सापडते.